स्रोत, साल, पान

ठराव असा:
शहरातला टँकरचा पाणीधंदा शासनाने बंद करावा.
आपण अनुकूल की प्रतिकूल, ते ठरणार
रविवारी सकाळी, नाणं उडवून.
तोवर दोन्ही बाजूंनी मनापासून बोलायला शिकायचं.

वाघबीळ नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या बाकावर
शाकीर मुकादम आणि मी अहवाल कापत बसतो.
एक परिच्छेद, एक कार्ड.
वर दावा, खाली स्रोत, साल, पान.
गुलाबी कार्डं बंदीची, पिवळी बंदीविरुद्धची.
शाकीर म्हणतो, गुलाबी गठ्ठा फार जड होतोय.
मी म्हणते, होऊ दे, बोअरवेलपण खोल चालल्यात.
तो हसत नाही, लिहून घेतो:
खंडनात वापरू.

देवस्थळी बाईंचं एकच:
पुरावा म्हणजे ज्याला समोरचा विचारू शकतो,
हे कोण म्हणतं,
आणि त्याला काय कळतं?

रात्री साडेअकरा.
पप्पांचा टँकर गल्लीच्या तोंडाशी, कोलशेत रोडला,
मागचा नळ अजून ठिबकतोय.
मी फरशीवर कार्डं मांडलेली, पत्त्यांचा डाव मांडावा तशी.
जेवता जेवता पप्पा एक गुलाबी उचलतात.
चष्मा गाडीत राहिलाय,
म्हणून हात लांब धरून वाचतात
स्वतःच्या धंद्याबद्दल कुठल्याशा संस्थेचं मत.

मी आमटी ढवळत राहते. ती गरम नाहीये.

"आकडा चुकलाय," ते म्हणतात.
"टाकीवर दहा हजार लिहिलंय.
भरतो साडेआठ. पावती दहाची फाडतो शेठ."
आणि पुढची भाकरी मोडतात.

मग हात धुऊन खाली जातात, वर येतात,
ड्रायव्हर सीटखालची वही घेऊन.
डिझेलचा वास. सहा वर्षं.
तारीख, सोसायटी, लिटर खरे, लिटर पावतीचे.
"उद्या शेठनं चोरीचा आळ घेतला
तर आपल्याकडं काहीतरी पाहिजे ना."

म्हणजे तेही तयारी करत होते.
त्यांच्या वादाला तारीख मिळाली नव्हती एवढंच.

मी पानं उलटते, गुलाबीसाठी.
दर पानाला दीड-दीड हजार लिटरची भोकं.
आणि मध्येच, मे महिन्यात, तिरक्या अक्षरात:
सी विंग, लिफ्ट बंद, सातव्या मजल्यावर आजारी बाई,
चार हंडे वर दिले. पावती नाही.
हे तर पिवळं.
एकाच वहीत, एकाच पेनाने.

शाकीरला फोन लावते. तो लगेच विरोधक होतो,
आवाज जड करून:
"या लेखकाची पात्रता काय?"
बॅज नंबर, म्हणते मी.
"अजून?"
बावीस वर्षं घोडबंदर.
"अजून?"
मग मला काही सुचत नाही, आणि तोही गप्प होतो.

कार्डावर लिहिते: स्रोत, भागवत खाडे, टँकरचालक.
पप्पा वाकून बघतात.
"नाव नको घालू. शेठ इथंच राहतो, हिरानंदानीत."
मी नाव खोडते.
स्रोताची ओळ रिकामी राहते. साल आहे. पान आहे.

ते उठत नाहीत.
"आन तू जिंकली, बंदी झाली, तर मी काय करायचं?
त्याचं कार्ड हाय का?"

आहे. गुलाबीच आहे.
पर्यायी रोजगार, शेवटचा मुद्दा, वेळ चाळीस सेकंद.

"वाच."
ते मोबाईलवर घड्याळ लावतात.
मी उभी राहून वाचते,
बाईंनी शिकवल्यासारखी, परीक्षकांकडे बघत:
पुनर्प्रशिक्षण, महापालिकेत सामावून घेणे,
टप्प्याटप्प्याने, तीन वर्षांत, शक्यतो.

"बावन्न झाले," पप्पा म्हणतात.
"बारा सेकंद काप."